सहीसाठी वर सरकलेला सांडवा

फोटोत सगळे हसत होते. मधोमध आमचे लांजेवार सर, ड्रॉइंगची शीट दोन्ही हातांनी ताणून धरलेली. दोन्ही बाजूंना गावातले लोक. खाली सरांचा मेसेज : "सगळ्यायच्या सह्या झाल्या. कवडूजीची पण! काम सुरू आहे." पुढे एक अंगठा.

मी फोटो बोटांनी मोठा केला. चेहरे पाहायला नाही. आपण काढलेलं ड्रॉइंग कुठंही दिसलं की आधी आकडे वाचायचे, ही माझी जुनी खोड आहे. सांडव्याच्या माथ्याशी ९८.१० असं लिहिलेलं दिसलं. मी चष्मा पुसला आणि परत पाहिलं. ९८.१०.

मी काढलेल्या ड्रॉइंगमध्ये तिथं ९७.६० होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी तो आकडा सांगितला असता. म्हणजे सरळ अर्धा मीटर वर. मी लगेच सरांना फोन लावला. स्विच ऑफ.

थोडं मागचं सांगते. मी भंडाऱ्यात एका छोट्या कन्सल्टन्सीत ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी आयटीआयच्या सर्टिफिकेटवर ड्राफ्ट्समनच लिहिलेलं आहे आणि मला त्याचं काही वाटत नाही. ऑफिस पितळी भांड्यांच्या दुकानावर आहे, त्यामुळे दिवसभर खालून गुंड, म्हणजे पाण्याचे पितळी हंडे, वाजवून पाहणाऱ्या गिऱ्हाइकांचा ठणठणाट ऐकत आम्ही नकाशे काढतो. लांजेवार सर मालक. सरकारी नोकरीतून डेप्युटी इंजिनिअर म्हणून रिटायर झाले आणि घरी बसवेना म्हणून ऑफिस काढलं. माणूस चांगला, पण हाताला शांतता नाही. कॅड थोडंसं शिकलेत. थोडंसं शिकलेल्या माणसाची मला अजिबात न शिकलेल्यापेक्षा जास्त भीती वाटते.

काम होतं नाकाडोंगरीच्या अलीकडच्या एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. तिथल्या जुन्या तलावाचा सांडवा फुटला होता, तो नव्यानं बांधायचा. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं ती भिंत. तिचा माथा जितका उंच, तितकं पाणी तलावात जास्त थांबतं. तलावाच्या खालच्या अंगाला ज्यांचं धान आहे त्यांना उंच माथा हवा असतो, कारण कापणीआधीचं शेवटचं पाणी मिळतं. वरच्या अंगाला, तलावाच्या पोटाला लागून ज्यांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, आहेत त्यांना नको असतो, कारण तेच पाणी फुगून त्यांच्या धानात उभं राहतं. त्यामुळे सांडव्याची उंची हा आमच्याकडे इंजिनिअरिंगचा प्रश्न कधीच नसतो.

या गावात खालच्या अंगाचे तुळशीरामजी, तलाव समितीचे अध्यक्ष. साठीतले, गोड बोलणारे, आणि गोड बोलत बोलत आपलंच खरं करणारे. वरच्या अंगाला मुख्यतः कवडूजी. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. पाणी वाढलं तर त्यांच्या सगळ्या बांध्या जातात, आणि दुसरी जमीन त्यांना नाही. तुळशीरामजींना जुन्यापेक्षा उंच माथा हवा होता. कवडूजी बोटभर द्यायला तयार नव्हते. दर बैठकीत आकडा वरखाली व्हायचा. शेवटी जुन्या सांडव्याचा जो माथा होता तोच ठेवायचा ठरलं. शाळेची पायरी शंभर मीटर धरली, तर तो येतो ९७.६०.

त्यात त्या गावाची एक रीत आहे. सही वेगळ्या कागदावर करायची नाही, नकाशावरच करायची. ही रीत कवडूजींनीच पाडलेली. पूर्वी एका रस्त्याच्या कामात गावकऱ्यांनी बैठकीच्या हजेरीवर सह्या केल्या आणि तोच कागद पुढे संमती म्हणून जोडला गेला. कवडूजींच्या बांधीतून तेव्हा चांगला पट्टा गेला. तेव्हापासून ते म्हणतात, "चित्र दाखवा, चित्रावरच सही करतो." गावानंही ते उचललं. म्हणून मी शीटच्या खालच्या भागात, चित्राच्या अगदी खाली, सह्यांची चौकट आखली होती. प्रत्येकाला एक ओळ. कवडूजी समितीत नव्हते, म्हणून त्यांची ओळ नव्हती.

आता ९७.६० चं ९८.१० कसं झालं?

कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कॅडमध्ये, अक्षरं दोन जातींची असतात. एक साधी. जे टाइप केलं ते तसंच राहतं. दुसरी म्हणजे फील्ड. फील्डमध्ये आपण आकडा लिहीत नाही, आकडा कुठून आणायचा ते सांगतो. आजची तारीख आण, फाईलचं नाव आण, या प्लॉटचं क्षेत्रफळ आण, या रेषेची उंची आण. रेषा बदलली की आकडा आपोआप बदलतो, आपण खोडत बसायचं नाही.

सांडव्याचा सेक्शन, म्हणजे भिंत सुरीनं वरून खाली कापल्यावर दिसेल तसं चित्र, मी अशा जागी काढलं होतं की कॉम्प्युटरच्या हिशेबातली रेषेची उंची हीच खरी लेव्हल. माथ्याची रेषा बरोबर ९७.६० वर. मग फील्डला सांगितलं, या रेषेची उंची लिही. त्या भांडणाच्या दिवसांत माथा किती वेळा वरखाली झाला याची गणती नाही. मी दरवेळी रेषा सरकवायची, आकडा तयार. मला हे फार आवडायचं. आजही आवडतं.

अट एकच. चित्र आपल्या जागेवरून हलवायचं नाही. अख्खं चित्र वर सरकवलं तर कॉम्प्युटरला वाटतं, सांडवाच उंच झाला. आणि फील्डची एक खोडी आहे, ती लगेच बदलत नाही. चित्र हलवलं तरी स्क्रीनवर जुनाच आकडा दिसत राहतो. प्रिंट दिली किंवा फाईल पुन्हा उघडली, की मग तो नवा होतो. स्क्रीनवर फील्डच्या मागे राखाडी पट्टी असते, तिच्यावरून आम्ही ओळखतो. कागदावर ती पट्टी येत नाही. कागदावर फील्ड आणि साधा आकडा जुळ्या भावांसारखे.

सरांनी प्रिंट काढलेली फाईल ऑफिसच्या मेलवर टाकून ठेवली होती. मी ती उघडली. सह्यांच्या चौकटीत एक ओळ जास्त होती. त्यात कवडूजींचं नाव टाइप केलेलं. आणि सेक्शन माझ्या जागेपेक्षा वर सरकलेला.

सगळं समोर आलं. कवडूजी तयार झाले असणार, पण माझीही सही घ्या म्हणाले असणार. सर प्रिंट काढायला तुमसरला लॅपटॉप घेऊन बसलेले. मी त्या दिवशी रजेवर. ओळ वाढवायला खाली जागा नाही, म्हणून सरांनी अख्खं चित्र उचलून एक सेंटिमीटर वर ठेवलं. पन्नासाला एक असं ड्रॉइंगचं प्रमाण, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर साइटवर अर्धा मीटर. स्क्रीनवर आकडे जुनेच दिसले म्हणून सर निर्धास्त. प्रिंटच्या दुकानात कागद बाहेर आला तेव्हा माथा, पाया, तलावाची पाळ, सगळे आकडे अर्ध्या मीटरनं वर. आपसातलं अंतर जिथल्या तिथं, त्यामुळे कोणाला खटकायचं कारणच नाही. हलली नव्हती ती कोपऱ्यातली एकच टीप, कारण ती मी हातानं टाइप केली होती. शाळेची पायरी १००.००. आणि ठेकेदार माप तिथूनच घेणार.

कवडूजींना सही करायला जागा हवी होती म्हणून सांडवा वर गेला होता. आता त्यांच्याच बांध्यांत पाणी उभं राहणार होतं, आणि खाली त्यांचीच सही होती.

मी सरांना पुन्हा फोन लावला. बंद. सर गोंदियाला साळ्याच्या मुलीच्या लग्नात होते; फोटो काही दिवसांपूर्वीचा, तिकडे निघताना पाठवलेला. त्यांच्या बायकोला, वहिनींना, लावला, त्यांनी बँडच्या आवाजात "हो हो, जेवून जा" असं काहीतरी म्हटलं आणि ठेवला. मग ठेकेदाराला, रहांगडालेंना लावला. तिकडे नेटवर्क असलं तर असतं.

"हॅलो, भाऊ, मी भंडाऱ्यातून बोलते. काम कुठवर आलं?"

"मॅडम? ...माथा... आजच भरून..."

"भरू नका! ऐकू येतंय का? माथा भरू नका!"

"...हो हो, भरूनच टाकतो आज," आणि फोन कटला.

मी लॅपटॉप पिशवीत घातला, तोंडाला दुपट्टा बांधला आणि स्कूटी काढली. उन्हाळा ऐन भरात होता. खालच्या दुकानदारानं विचारलं, "मॅडम, एवढ्या उन्हात कुठी?" मी म्हटलं, "नाकाडोंगरीकडे." तो म्हणाला, "येडं झालं का बाप्पा कोणी?" मी थांबले नाही.

रस्ताभर माझं डोकं जागेवर नव्हतं. मध्येच वाटायचं, बैठकीत खरंच ९८.१० ठरलं असेल तर? सर सांगायला विसरले असतील तर? मग आठवायचं, मग पायाही अर्धा मीटर वर कशाला गेला असता? जमिनीतला पाया कोणी बैठकीत ठरवत नाही. जरा बरं वाटायचं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. वाटेत रेल्वेचं फाटक लागलं आणि मालगाडी काही केल्या संपेना. मी स्कूटी बंद केली, चालू केली, परत बंद केली. शेजारचा ऑटोवाला म्हणाला, "ताई, गाडी तुमच्या किक मारल्यानं थोडी जाते?" मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

आणखी एक गोष्ट सतावत होती. काम थांबवायचा मला काही अधिकार नाही. ड्राफ्ट्समन नकाशा काढतो. थांबवणं, चालवणं हे इंजिनिअरचं काम. उद्या माझंच चुकलं तर सर मला ठेवतील की नाही, हेही डोक्यात होतं.

पोचले तेव्हा मिक्सर फिरत होता. सांडव्याच्या दोन्ही बाजूंना शटरिंग, म्हणजे काँक्रीट धरून ठेवणाऱ्या फळ्या, उभ्या झाल्या होत्या. काँक्रीट खालून भरत वर येत होतं. रहांगडाले सावलीत खुर्ची टाकून बसलेले.

"थांबवा," मी म्हटलं.

"काय झालं मॅडम? सरायनं पाठोलं?"

"नाही. मीच आले."

"सर कुठी हायेत?"

"लग्नात. माथा अर्धा मीटर वर चाललाय तुमचा. ड्रॉइंग चुकलंय."

रहांगडाले हसले. "आता कायचं चुकते? सह्या झाल्या न. मिक्सर भाड्यानं आणला हाय, माणसं लागून राहिले. सरायचा फोन आल्याबिगर मी कसा थांबवू? तुमी त् ड्राफ्ट्समन."

"हो, ड्राफ्ट्समनच. भरा मग. उद्या सरांनी तोडायला लावलं तर कोणाच्या खर्चानं तोडता, तेवढं सांगून ठेवा."

ठेकेदाराला पैशाची भाषा लगेच कळते. त्यांनी मिक्सरवाल्याकडे पाहून हात केला. "ए, बंद कर बे थोडा वेळ." मग डोकं खाजवत म्हणाले, "तरी म्हटलं, सळई कमी काहून पडून राहिली. पाया त् सह्यायच्या आधीच्या प्रिंटवरून भरला होता. सळईले जोड देला. मले वाटलं, तुळशीरामजीनं वाढवून घेतलं असन."

तोवर तुळशीरामजी आलेच. गावात बातमीला नेटवर्क लागत नाही. त्यांनी आधी मला पाणी दिलं, पाळीवरच्या मोहाच्या झाडाच्या सावलीत बसवलं, सगळं ऐकून घेतलं. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "ताई, तुमी एवढ्या उन्हातान्हाच्या आल्या, तुमचं खरं असन. पण सही झाली. सही झाल्यावर नकाशा बदलवत नाई. हा नियम माह्या नाई, कवडूजीचा हाय."

मला राग आला, पण त्यांना नुसता लबाड म्हणून सोडता येत नव्हतं. ते पुढे म्हणाले, "मागच्या साली शेवटच्या पाण्याबिगर आमच्या लोंब्या पोचट राहिल्या. अर्ध्या गावाच्या. देवानंच जर अर्धा मीटर देला, त् मी नाई कायले म्हणू?"

"देवानं नाही दिला, लांजेवार सरांनी दिला," मी म्हटलं.

कवडूजींना बोलावणं गेलं. ते आले, चपला काढून बाजूला बसले. समितीची शीट आणली होती, ती मी त्यांच्यापुढे पसरली आणि माथ्याचा आकडा बोटानं दाखवला. त्यांनी आकडा पाहिला, मग खाली आपली सही पाहिली. बराच वेळ सहीवरून बोट फिरवत राहिले.

"सही माह्यीच हाय," ते म्हणाले.

"सही करताना आकडा नाही पाहिला?"

"माह्यं नाव छापून आलं होतं बाई. म्या नाव वाचलं. आकडा त् ठरलाच होता न."

मला तिथं बसवेना. मी लॅपटॉप उघडला. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून एका मजुरानं डोक्याचा शेला सोडून वर धरला. म्हटलं, सगळे इकडे या. हे चित्र. हा माथा, ९८.१०. आता मी भिंतीला हात न लावता नुसतं चित्र उचलून वर ठेवते. ठेवलं. आकडा नवा करायची कमांड दिली. माथा १०३ झाला. "झाला सांडवा शाळेपेक्षा उंच," मी म्हटलं. मजूर खो खो हसले. मला वाटलं, जिंकलं.

तुळशीरामजी नाही हसले. "म्हणजे तुमच्या मशीनवर जसा पायजे तसा आकडा होते."

"हो, म्हणूनच तर..."

"मंग ९७.६० बी तुमीच केला असन. थो खरा आन् हा खोटा, हे कोनं ठरवावं?"

मी स्वतःच्या हातानं स्वतःचा पुरावा बुडवला होता. लोक माझ्याकडे पाहत होते. कवडूजी खाली मातीकडे. रहांगडालेंनी मिक्सरकडे पाहिलं. मी शीट उचलली आणि पाळीवर येरझाऱ्या घालायला लागले. काहीतरी करावं लागतंच ना हातापायांना.

चालता चालता शीटवर नजर गेली. सेक्शनमध्ये सांडव्याच्या मागे पाळही काढलेली होती. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, ज्यावर मी चालत होते तोच. तिचा आकडा ९९.६० आला होता. आणि पाळ काही आम्हाला बांधायची नव्हती. ती तिथं कधीची उभी होती. तिला कोणी सरकवलं नव्हतं.

"तुळशीरामजी, हा कागद खरा मानता ना तुम्ही?"

"सही हाय त् खराच."

"मग कागद म्हणतो, ही पाळ ९९.६०. मोजून पाहू. पाळ ९९.६० भरली तर सांडवा ९८.१० नं भरा. मी मुकाट्यानं भंडाऱ्याला जाते."

यात त्यांना नाही म्हणता येईना. रहांगडालेंकडे लेव्हल मशीन होतीच, तीन पायांवर उभी करायची दुर्बीण. समोर आकडे रंगवलेली लांब पट्टी धरायची, तिला स्टाफ म्हणतात. आधी स्टाफ शाळेच्या पायरीवर, मग पाळीवर. जिथं स्टाफ टेकलाय ती जागा जितकी खाली, तितका दुर्बिणीतून दिसणारा आकडा मोठा. एवढंच त्यातलं शास्त्र.

मी मशीनला हात लावला नाही. माझ्यावर आळ नको होता. रहांगडालेंनी वाचलं, तुळशीरामजींनी स्वतः डोळा लावून पाहिलं, शाळेतल्या गुरुजींनी, ते सुट्टीत गावातच होते, बेरीज-वजाबाकी केली. मला वाटत होतं, मुळातला सर्व्हेच चुकला असेल तर? आमचा सर्व्हेवाला एरवी नीट काम करायचा, पण कधीकधी धांदरटपणाही करायचा.

"नव्याण्णव पूर्णांक दहा," गुरुजी म्हणाले.

"परत करा," तुळशीरामजी म्हणाले.

परत केलं. एक-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे, पण तेच. पाळ ९९.१०. कागदापेक्षा अर्धा मीटर कमी. म्हणजे त्या सेक्शनमधला प्रत्येक आकडाच अर्धा मीटर चढा होता, सांडव्याचाही.

तुळशीरामजींनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. मग रहांगडालेंना म्हणाले, "उतरवा. ९७.६० करा." उठताना कवडूजींकडे न पाहता म्हणाले, "धान वाळलं त् सगळ्यायले तुमच्याच घरी पाठोतो मी." ते त्यांनी रागानंच म्हटलं. त्यांचंही धान आदल्या वर्षी वाळलंच होतं ना.

रहांगडालेंनी फळ्या खाली घेतल्या, जास्तीच्या सळया कापल्या आणि सबंध वेळ मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडली. मी निघाले तेव्हा काँक्रीट ९७.६० च्या खुणेला आलेलं होतं. मी स्वतः टेप लावून पाहिलं. येताना एका झाडाखाली थांबले आणि विनाकारण रडले. भीती उतरताना तसंच होत असावं.

सर लग्नाहून आले. बॅग ठेवायच्या आधी म्हणाले, "मले न विचारता काम थांबवलं म्हणे तू?"

"तुमचा फोन वहिनींच्या पर्समध्ये होता."

"तुले फील्ड लावायले कोनं सांगतलं होतं? साधा आकडा टाइप केला असता त् हे झालं असतं का?"

"तुम्हाला चित्र हलवायला कोणी सांगितलं होतं?"

"म्या फक्त एक सेंटिमीटर हलवलं!"

"तेच तर," मी म्हटलं. आम्ही दोघंही काही वेळ आपापल्या टेबलाशी काहीबाही हलवत राहिलो. मग सरांनी खालून चहा मागवला. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

नवी शीट काढली. सेक्शन त्याच्या जागी परत आणला, माथा ९७.६०. या वेळी सह्यांची चौकट शीटच्या उजव्या अंगाला, चित्रापासून लांब नेली. तिच्यात कवडूजींच्या नावाची ओळही ठेवली. सर म्हणाले, तूही चल, गावाला तुझ्याशिवाय पटणार नाही. गेलो. समितीच्या सह्या झाल्या. तुळशीरामजींनी आकडा मोठ्यानं वाचला आणि मगच सही केली. पेन कवडूजींकडे आला.

त्यांनी तो हातात घेतला नाही. "बाई," ते मला म्हणाले, "माह्या सहीच्या जाग्यासाठी चित्र वर गेलं होतं न?"

"हो. पण आता..."

"म्या सही नाई केली त् चित्र खालीच राहते?"

सर मध्ये पडले. "तसं नाही हो कवडूजी, आता मॅडमनं सगळं पक्कं केलं आहे. तुम्ही बिनधास्त करा. तुमचाच त् नियम हाय."

"असन नियम. मले सही नाई पायजे. मले पाणी खाली पायजे." एवढं बोलून त्यांनी पेन सरांच्या खिशाला परत लावला, चपला घातल्या आणि बांध्यांकडे निघून गेले.

या माणसाला आमच्या फील्डचं शास्त्र मी नीट समजावून सांगितलं होतं, आणि त्यानं त्यातून जे घ्यायचं ते बरोबर घेतलं होतं. ज्या रितीवर त्यानं गावाला उभं केलं होतं, ती त्याच्यापुरती आम्ही मोडून टाकली होती. त्याचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं.

सांडवा ९७.६० चाच आहे. त्या वर्षी तलाव भरून वाहिला आणि कवडूजींच्या बांध्या कोरड्या राहिल्या असं गुरुजींनी फोनवर सांगितलं. तुळशीरामजींच्या बाजूचं काय झालं ते मी विचारलं नाही.

आमच्या ऑफिसात तेव्हापासून एक नियम आहे. काम चालू असेपर्यंत फील्ड हवी तितकी वापरा. शीट सहीला जाणार असेल तर प्रत्येक फील्डवर जाऊन तिचा साधा आकडा करून टाकायचा, तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि मग प्रिंट काढून शाळेच्या पायरीपासून पाळीपर्यंत सगळे आकडे एकदा कागदावरूनच वाचायचे. स्क्रीनवरून नाही. सर याला माझा डोक्याचा आजार म्हणतात, पण करतात.

त्या शीटवर कवडूजींची ओळ रिकामीच आहे. बरी दिसत नाही म्हणून सरांनी ती दोनदा काढायला सांगितली. मी म्हटलं, काढली की जागा उरेल, आणि जागा उरली की तुम्हाला काहीतरी सरकवावंसं वाटेल.